डुक्कर फियाट १९५६: पुसून ठेवायची की पळवायची? (बडोदे)

दांडियाबाजार_नात

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांची फियाट ११०० आहे, १९५६ची. पाठीकडून गोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणतात तीच. आजोबा डॉक्टर होते. रावपुरा, वाडी, फतेगंज, पार पादऱ्यापर्यंत व्हिजिटला हीच गाडी जायची. ते गेल्यावर बाबांनी ती विकली नाही, पण चालवलीही नाही. इंजिन जाम नाही, हँडल घालून फिरवलं तर फिरतं. पत्रा बराच चांगला आहे, मागच्या चाकांच्या कमानीत तेवढा गंज धरलाय. ब्रेकचं पेडल मात्र थेट तळाला जातं.

जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर '२१ गन सॅल्यूट'चं प्रदर्शन झालं, तेव्हा बाबांना मुद्दाम घेऊन गेले होते. तेव्हापासून घरात हा विषय आहे. बाबा म्हणतात, रंग करू, क्रोम करून घेऊ, पोर्चमध्ये झाकून ठेवू आणि कधीमधी प्रदर्शनाला नेऊ. मला ती पळताना बघायची आहे. रात्री जेवणं झाली की मी जुन्या गाड्यांच्या शर्यती बघत बसते: इंग्लंडातलं गुडवूड, मोनॅकोची हिस्टॉरिक ग्रां प्री, फ्रान्समधल्या ल मान्स क्लासिकमधल्या रात्रीच्या फेऱ्या. साठ-सत्तर वर्षांच्या गाड्या, एकेकीची किंमत ऐकून छाती दडपते, आणि लोक त्या एकमेकींना घासून वळणात घालतात. ते बघून आल्यावर आमची ताडपत्रीखालची गाडी बघवत नाही.

माझे प्रश्न असे. ह्या शर्यतींत गाडीत काय बदललेलं चालतं आणि काय नाही? इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की मारुती इस्टीमचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक टाकू, "तरच पळेल, नाहीतर शोभेची." हे करावं का? आणि आमच्या गाडीसारख्या साध्या घरगुती गाडीला त्या जगात काही जागा आहे का, की तो सगळा फेरारी-मासेरातीवाल्यांचा मामला?

---

कारेलीबाग_कोटिंग

ताई, मी प्रदर्शनाच्या गाड्या तयार करण्याचं काम करतो, त्यामुळे माझं मत तुमच्या वडलांच्या बाजूचं वाटेल, पण पूर्ण तसं नाही. सर्वात आधी: रंग करू नका. आजोबांच्या वेळचा रंग अंगावर असेल, तर तो कितीही मळलेला असला तरी आधी हलक्या हाताने धुऊन, एका कोपऱ्यात कंपाउंड मारून बघा. परीक्षक आता जुन्या, न छेडलेल्या गाडीला वेगळा मान देतात. रंग पुन्हा कधीही मारता येतो, पण पहिला रंग एकदा घासून काढला की गेला. क्रोमचंही तेच. बंपर दिला की प्लेटिंगवाला आधी पत्रा घासतो, आणि त्या घासण्यात कडा बोथट होतात.

शर्यतीचं म्हणाल तर माझं मन धजत नाही. वळणावर एकदा पाठ भिंतीला लागली की तो पत्रा, त्या काचेचं रबर, ती टेल-लाइट पुन्हा कुठून आणणार? साध्या गाडीचे भाग मिळणं उलट जास्त कठीण असतं, कारण महागड्या गाडीसाठी कोणीतरी नवीन बनवून देतो. डुक्कर फियाटच्या टेल-लाइटचा साचा कोण बनवणार? गाडी सुरू करा, रविवारी सकाळी सुरसागराला चक्कर मारा, पण तिची परीक्षा बघू नका.

---

मकरपुरा_लेथ

मुली, तुझ्या आजोबांच्या वयाचा नसलो तरी तुझ्या बाबांच्या वयाचा नक्की आहे, म्हणून अगंतुगं करतो. मकरपुरा जीआयडीसीत माझं बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर आतून कापून-घासून सारखे करण्याचं, काम होतं, आता मुलगा बघतो. फियाटची इंजिनं आयुष्यभर उघडली आहेत.

आधी त्या गॅरेजवाल्याचं. इस्टीमचं इंजिन टाकलंस तर गाडी पळेल, वाद नाही. पण पळेल ती इस्टीम. जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा सगळा डोलारा एकाच अटीवर उभा आहे: गाडी तिच्या काळात शर्यतीला जशी उतरली असती तशीच उतरली पाहिजे. एफआयए म्हणजे मोटार शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमांत त्याला 'अपेंडिक्स के' म्हणतात. १९०५च्या आधीपासून सुरुवात करून काळाचे कप्पे पाडलेत आणि प्रत्येक गाडीला एक टेक्निकल पासपोर्ट असतो. त्यात फोटो, मापं, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल), कार्बोरेटर कोणता, ब्रेक कसले, सगळं लिहिलेलं. त्या काळात त्या मॉडेलला ड्रम होते तर आजही ड्रमच. पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्यांना टायरसुद्धा जुन्या नक्षीचे, क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धाग्यांचे थर तिरपे एकमेकांवरून गेलेले. मोकळीक दिलीय ती जिवासाठी: रोल बार, पट्टे, हेल्मेट, आग विझवायचं यंत्र. तिथे कोणी जुनेपणाचा हट्ट धरत नाही, आणि धरूही नये.

हे नियम म्हणजे काटेकोर हट्ट वाटेल, पण त्यामागचं कारण मला गुडवूडला डोळ्यांनी बघायला मिळालं. मुलगी तिकडे साउथॅम्प्टनला असते. तिच्याकडे गेलो असताना सप्टेंबरात गुडवूडला 'रिव्हायव्हल' नावाच्या जुन्या गाड्यांच्या शर्यती होत्या, जावयांनी नेलं. ते सर्किट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या कडेचा रस्ता, फेरी जेमतेम ३.८ किलोमीटरची. १९४८ला शर्यती सुरू झाल्या, १९६६ला बंद पडल्या, आणि १९९८ला पुन्हा सुरू केल्या त्या ह्याच रूपात, म्हणजे त्याच काळातल्या गाड्या घेऊन. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमचीही जात तीच: युद्धातली धावपट्टी, आणि तिच्यावर शर्यती. मी नोकरीला मद्रासला असताना तिथे ट्यून केलेल्या फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड पळताना बघितल्यात. हेरल्डचं मागचं चाक वळणात आत दुमडायचं, बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

गुडवूडला मी सेंट मेरीज नावाच्या वळणाशी उभा होतो. स्टर्लिंग मॉस या नावाजलेल्या इंग्रज रेसिंग चालकाची कारकीर्द १९६२ला तिथेच संपली, ईस्टरच्या शर्यतीत लोटस थेट बांधात घुसली. त्या दिवशी तिथे जुन्या घरगुती गाड्यांची शर्यत होती. ऑस्टिन ए-३५ बघितली आहेस का? आपल्या फियाटपेक्षाही बुटकी, ९४८ सीसी. तिच्यामागे भलीमोठी जग्वार. सरळ रस्त्यावर जग्वार अंगावर येते आणि वळणात ऑस्टिन पुन्हा सुटते. आता नीट बघ काय होतं ते. क्रॉसप्लाय टायर अचानक सुटत नाही, आधीपासून सरकायला लागतो. मग चालक स्टिअरिंगने गाडी वळवतच नाही. वळणाच्या आधीच तिला थोडी तिरकी टाकतो आणि पुढचं सगळं ॲक्सिलरेटरवर तोलतो. चारही चाकं सरकतायत, पुढची चाकं जवळजवळ सरळ, आणि मनगटं सारखी बारीकबारीक हलतायत. त्या गाडीला आजचे रुंद टायर लावले असते तर ती रुळावरून गेल्यासारखी गेली असती आणि मला तिथे उभं राहून काही शिकायला मिळालं नसतं.

ब्रेकचंही तसंच. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतून त्याला घासणाऱ्या ब्रेक-शूपासून लांब जातो. लायनिंग तापलं की त्याची पकडही कमी होते. म्हणून पेडल लांब जातं आणि गाडी थांबत नाही. तेव्हाचे लोक हे जाणून होते. ब्रेक लवकर आणि थोडा वेळ, बाकी वेग गिअरने तोडायचा, आणि ब्रेक शेवटच्या फेरीसाठी शिल्लक ठेवायचा. डिस्क लावलीस की ही अक्कल वापरायची गरजच उरत नाही. गॅरेजवाला ज्याला गाडीतला दोष समजतोय, तोच तर चालवणाऱ्याचा अभ्यास आहे.

कारेलीबागकरांचं रंगाचं म्हणणं सोळा आणे खरं. रंग मारू नकोस. पण "परीक्षा बघू नका" हे मला पटत नाही. इंजिन उभं राहून जितकं सडतं तितकं चालून झिजत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरतं, पावसाळ्याची दमट हवा एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून आत जाते, आणि पिस्टनची रिंग जिथे थांबली असेल तिथे गंजाची रेघ पडते. ती रेघ नखाला लागते. मग बोअर करण्याशिवाय गत्यंतर नाही. पोर्चमध्ये झाकून ठेवलेल्या कितीतरी गाड्यांच्या ब्लॉकमध्ये मी ही रेघ बघितली आहे.

गुडवूडच्या पॅडॉकमधली, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या असतात त्या आवारातली, एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मातीची आहे. गाड्या गरम करायला सुरू केल्या की पेट्रोलच्या वासात एक गोडसर, जड वास मिसळतो. मी ओळखला. एरंडेल! जुन्या रेसिंग इंजिनांत अजून एरंडेलाचं तेल घालतात. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर ऑइलवरून पडलेलं, १९०९ सालचं. त्या तेलातलं मुख्य आम्ल धातूला चिकटून राहतं, खूप तापलं तरी बेअरिंगवरचा थर तुटत नाही, आणि पेट्रोलने सहज धुऊनही जात नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही ह्याच तेलावर चालली. खोड एवढीच की ते साध्या खनिज तेलात मिसळत नाही आणि आत राहिलं की डिंकासारखं धरतं, रिंगा जाम करतं. म्हणून शर्यत संपली की काढून टाकायचं. देशातला बहुतेक एरंड आपल्या गुजरातेत पिकतो, आणि त्याचा वास मला इंग्लंडातल्या विमानतळावर यावा! जावयांना मी तो वास ओळखून दाखवला तेव्हा शेजारी काम करणारा मेकॅनिक हात पुसत पुसत बोलायला आला. (तुझ्या फियाटमध्ये घालू नकोस हं. तिला साधं खनिज तेल, तेही न चुकता बदललेलं, पुरे.)

आता तुझा शेवटचा प्रश्न, साध्या गाडीला जागा आहे का. इटलीतली मिल्ले मिलिया म्हणजे ब्रेशियाहून रोम आणि परत, सोळाशे किलोमीटर, १९२७ ते १९५७. १९५५ला मॉस आणि त्याच्या शेजारी बसून रस्ता सांगणारा जेन्किन्सन यांनी मर्सिडीजमधून ती १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली, गाडीचा नंबर ७२२ कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. जेन्किन्सनने रस्त्याची सगळी वळणं साडेपाच मीटर लांब कागदाच्या गुंडाळीवर लिहून घेतली होती. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की लहान गाड्या आदल्या रात्रीच सुटायच्या, आणि त्यांत फियाट ११०० असायच्या. तुझी ११००-१०३ हे मॉडेल १९५३ला आलं, आणि तिची 'टीव्ही', म्हणजे तुरिस्मो व्हेलोचे, ही जोरकस आवृत्ती त्या शर्यतीत धावली. तुझ्या गाडीचं इंजिन तेच, १०८९ सीसी. ३६ हॉर्सपॉवरचं असेल, टीव्हीला ५०च्या आसपास.

ह्या लहान गटाचीही मोठी परंपरा आहे. हालोलला आज ज्या एमजीच्या गाड्या निघतात, त्याच नावाची के-३, १०८७ सीसी आणि सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावलेली, १९३३च्या मिल्ले मिलियात ११०० सीसीच्या गटात पहिली आली होती. म्हणजे तुझी गाडी कुठल्या रांगेत उभी आहे ते बघ.

१९५७ला एका फेरारीचा टायर फुटला, चालक, त्याचा जोडीदार आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यांत मुलंही होती, आणि ती शर्यत कायमची बंद झाली. आज त्याच नावाने जे होतं ती वेगाची शर्यत नाही, अचूकतेची आहे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात. रस्त्यावर रबरी नळी टाकलेली असते, तिच्यावरून चाक जाईल तो क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. आपल्याकडे ह्यालाच टीएसडी रॅली म्हणतात. तुझ्या गाडीसाठी हेच. पत्र्याला धक्का नाही, आणि तरी गाडी आणि माणूस दोघांची कसोटी.

करून बघ. गाडी ठीक झाली की पावागडचा रस्ता धर. सरासरी ताशी ३६ किलोमीटर ठरव, म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, हिशेब सोपा. शेजारी घड्याळ घेऊन कोणाला तरी बसव. पाचव्या किलोमीटरच्या दगडाशी ८ मिनिटं २० सेकंद व्हायला हवीत. बैल आला, ट्रक आला, फाटक लागलं, तरी. घरी परत येशील तेव्हा तुला तुझी गाडी कळलेली असेल. पुढे चांपानेरहून माचीला चढून उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतर, ब्रेकला नुसता पाय लावायचा. वास आला की थांब, ड्रम गार होऊ दे. पाणी मात्र ओतू नकोस, तडकतो.

---

न्यायमंदिर_वकील

लेथकाकांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे इस्टीमचं इंजिन टाकलंत तर हा दरवाजा बंद झाला असं समजा. आजोबांच्या वेळचं आरसी बुक जपून ठेवा. १९५६चं म्हणजे मुंबई राज्याच्या काळातलं, तो तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे.

आणि "सगळे भाग बदलले तर ती तीच गाडी राहते का" हा प्रश्न तुम्हाला पडणारच, तर त्यावर खरोखरचा निकाल आहे. १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली बेंटले स्पीड सिक्स, 'ओल्ड नंबर वन'. नंतर ती इंग्लंडातल्या ब्रूकलँड्स ट्रॅकसाठी बदलली, १९३२ला तिथे अपघातात चालक गेला, गाडी पुन्हा वेगळ्या बॉडीने बांधली. पुढे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि खरेदीदार म्हणू लागला की ही ती गाडीच नाही. १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टाने, १९२९च्या गाडीतलं जवळजवळ काही उरलेलं नाही हे मान्य करूनही, निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. ती गाडी कधी मोडीत निघून दुसरी जन्माला आली नाही, एकाच गाडीचा इतिहास अखंड चालत आला, म्हणून ती तीच.

मला वकील म्हणून ह्यातून घेण्यासारखं वाटतं ते असं: जे काढाल त्याचा फोटो, जे घालाल त्याची पावती, तारीख घालून एका वहीत. काढलेला भाग फेकू नका, खोक्यात नाव लिहून ठेवा. इतिहास सांगता आला पाहिजे.

---

दांडियाबाजार_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एरंडेलाच्या ठिकाणी त्यांनी दोनदा वाचायला लावलं. रंगाचा बेत रद्द झाला, आणि इस्टीमचा तर विषयच संपला. आरसी बुक सापडलं, आजोबांच्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडमध्ये घालून ठेवलं होतं. सोबत एक छोटी वहीही, प्रत्येक वेळी किती गॅलन पेट्रोल आणि कुठे, असं लिहिलेली. वकीलसाहेब, तुमची वही त्याच वहीत पुढे चालू करते.

काका, ब्रेकपासूनच सुरुवात करायची ना? बाबा म्हणतायत आधी इंजिन सुरू करून बघू. आणि मला स्वतःला काम शिकायचं आहे, नुसतं गाडी देऊन यायचं नाही. चालेल का?

---

मकरपुरा_लेथ

न चालायला काय झालं? चप्पल घालून येऊ नकोस, बाकी काही अट नाही.

आधी ब्रेकच. जी थांबत नाही ती सुरू करायची नाही, हे बाबांना माझ्यातर्फे सांग. तुझ्या गाडीत ब्रेकची लाइन एकच आहे, आजच्यासारख्या दोन नाहीत. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून रबरी नळ्या डोळे झाकून नव्या घालायच्या, तिथे जुनेपणा नको. चाकाचे सिलिंडर आत गंजले असतील तर नवे शोधत बसू नकोस, त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, घालता येते आणि बाहेरून भाग मूळचाच राहतो. मास्टर सिलिंडरचंही तसंच. लायनिंग कोरडं आहे की तेल लागलंय ते बघ, तेलकट असेल तर मागच्या ॲक्सलचं सील गेलेलं असणार.

इंजिनाचं तोवर एवढंच कर. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडंथोडं पातळ तेल सोड, दोन-चार दिवस मुरू दे, मग हँडलने हळू फिरव. कुठे अडलं तर जोर करू नकोस, तिथेच थांब. स्टार्टर अजिबात मारायचा नाही.

चाक काढलंस की ड्रमचा आतला व्यास व्हर्निअरने चार दिशांनी मोज आणि चारही आकडे इथे टाक. गोलाई गेली असेल तर लेथवर किती घ्यायचं ते आकडे बघूनच ठरवू, कारण ड्रमची भिंत पातळ झाली तर तो आणखी लवकर तापेल. शनिवारी दुपारी मुलगा शेडवर असतो, मीही येतो.